निरोप पोचला, आता आवरा

आमच्या औषधांच्या दुकानात दुपारी तीन ते पाच गिऱ्हाईक कमी असतं. त्या वेळात एक काका येतात. बँकेतून निवृत्त झालेले, इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या मराठी घरातले, आणि हातात आलेला कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली न ठेवणारे. काकू गेल्यापासून त्यांची झोप आणि भूक दोन्ही हरवली होती. मुलीने आग्रहाने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नैराश्यावरची एक गोळी लिहून दिली आणि तीन-चार आठवडे धीर धरा म्हणाले. काकांनी धीर धरला, पण खोक्यातला कागदही वाचला. मुंगीएवढ्या अक्षरांतला, घडीवर घडी घातलेला तो कागद त्यांनी माझ्या काउंटरवर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, सिलेक्टिव्ह सिरोटोनिन रीअपटेक इनहिबिटर.

"सिरोटोनिन ऐकून माहीत आहे. इनहिबिटर म्हणजे अडवणारा. हे मधलं रीअपटेक काय आहे रे? परत उचलणं? कोण उचलतं, कुठून, आणि ते अडवून माझं काय भलं होणार?"

बी. फार्म.च्या परीक्षेत हा प्रश्न पाच गुणांना आला होता आणि मला साडेतीन मिळाले होते. काकांना साडेतीन गुणांचं उत्तर चाललं नसतं. म्हणून चार-पाच दुपारी आम्ही तुकड्या-तुकड्यांनी जे बोललो, ते इथे जरा नीट लावून लिहितो आहे.

सुरुवात एका फटीपासून. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. हे कळायलाही मोठं भांडण व्हावं लागलं. इटलीचा कॅमिलो गॉल्जी म्हणायचा, सगळा मेंदू म्हणजे एकच सलग जाळं, गल्लीतल्या नळाच्या लाइनीसारखं. स्पेनचा सांतियागो रामोन इ काहाल म्हणायचा, प्रत्येक पेशी सुटी आहे. गंमत म्हणजे काहालने हे पाहिलं ते गॉल्जीनेच शोधलेल्या पद्धतीने पेशी रंगवून. १९०६ साली दोघांना एकच नोबेल वाटून मिळालं आणि गॉल्जीने नोबेलच्या भाषणातही काहालच्या मताचा समाचार घेतलाच. पुढे काहाल बरोबर निघाला. काही ठिकाणी पेशी थेट जोडलेल्या सापडतात, पण बहुतेक जागी मधे फट असते. या भेटीच्या जागेला इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टनने १८९७ साली सिनॅप्स हे नाव दिलं.

फट केवढी? साधारण २० नॅनोमीटर. काकांना मी गोळ्यांचा पत्ता दाखवला. (पुण्याकडे याला स्ट्रिप म्हणतात, इंदुरात आम्ही हिंदीच्या वळणाने पत्ताच म्हणतो.) त्याच्या पाठीवर जो चंदेरी पापुद्रा असतो, गोळी दाबली की फाटणारा, त्याच्या जाडीत अशा हजार फटी एकावर एक मावतील. एवढीशी फट, पण आहे. आणि तिथेच घोटाळा होतो. चेतापेशीच्या आत निरोप विजेच्या लहरीसारखा धावतो, सगळ्यात वेगवान तंतूंमध्ये सेकंदाला शंभर मीटरच्या घरात. काठाशी आल्यावर ही लहर पलीकडे जाते कशी?

एक गट म्हणायचा, ठिणगी उडते. दुसरा म्हणायचा, काहीतरी रसायन सुटतं. या वादाचा निकाल बेडकाच्या हृदयाने लावला, आणि ही गोष्ट मला इतकी आवडते की काकांना ती दोनदा ऐकावी लागली.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ऑटो लोवी नावाचे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीच पुढे सांगितलेली हकिगत अशी, की एका रात्री झोपेत त्यांना एक प्रयोग सुचला. अर्धवट जागे होऊन त्यांनी तो कागदावर खरडला आणि परत झोपले. सकाळी पाहतात तर स्वतःचंच अक्षर लागेना. दिवसभर डोकं खाजवलं, काही आठवेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच पुन्हा सुचलं. या वेळी कागदाच्या भानगडीत न पडता ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले.

बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढलं तरी मिठाच्या योग्य पाण्यात बराच वेळ धडधडत राहतं. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला बेडूक असायचा, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि पहिल्यांदा पाहिल्यावर त्या रात्री जेवण गेलं नव्हतं हेही खरं. लोवींनी दोन हृदयं घेतली. एकाला त्याची व्हेगस नस ठेवली, दुसऱ्याची काढून टाकली. व्हेगसला विजेने डिवचलं की हृदय मंदावतं, तसं पहिलं मंदावलं. मग त्या हृदयातलं पाणी घेऊन त्यांनी दुसऱ्याला दिलं. दुसऱ्याला ना नस होती ना वीज लावली होती. तरी तेही मंदावलं. म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता. हे १९२१ सालचं. त्या पाण्यातला पदार्थ ॲसिटिलकोलिन निघाला. लोवींना आणि हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी नाझींनी ज्यू असलेल्या लोवींना अटक केली आणि देश सोडू देण्याआधी नोबेलची रक्कमही काढून घेतली. काका निवृत्त बँकवाले असल्यामुळे त्यांना हा भाग सगळ्यात जास्त लागला.

अशा रसायनांना पुस्तकात चेतापारेषक म्हणतात, डॉक्टर न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. मी निरोप्या म्हणतो. ॲसिटिलकोलिन, डोपामिन, सिरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन, ग्लुटामेट, गाबा, असे बरेच निरोपे आहेत.

हे निरोपे पेशीच्या टोकाशी सुटे पडलेले नसतात. सुमारे ४० नॅनोमीटरच्या इवल्या पिशव्यांमध्ये भरून ठेवलेले असतात, एका पिशवीत काही हजार रेणू. विजेची लहर टोकाला पोचली की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, आणि मिलिसेकंदाच्या आत काही पिशव्या पेशीच्या भिंतीला मिळून फटीत रिकाम्या होतात. लंडनमध्ये बर्नार्ड काट्झने १९५०च्या दशकात बेडकाच्या स्नायूवर मोजमाप करून दाखवलं की निरोप नेहमी पूर्ण पिशव्यांच्या हिशेबात जातो. एक, दोन, तीन; दीड कधीच नाही. दुकानदार म्हणून मला याचा हेवा वाटतो. आमच्याकडे दर तिसऱ्या गिऱ्हाइकाला पत्ता कापून चारच गोळ्या हव्या असतात.

पिशवी भिंतीला मिळते ती काही प्रथिनं दोरीसारखी एकमेकांत पिळली जाऊन तिला ओढून घेतात म्हणून. सुरकुत्या घालवायला चेहऱ्यावर टोचतात ते बोटॉक्स नेमकी हीच दोरी कापतं. पिशव्या भरलेल्या राहतात, निरोप सुटत नाही, स्नायू आवळत नाही, कपाळ गुळगुळीत.

पलीकडच्या पेशीवर त्या-त्या निरोप्याला ओळखणारे रिसेप्टर असतात. काही रिसेप्टर स्वतःच दार असतात, निरोप्या बसला की लगेच उघडतात. काही नुसतीच आत वर्दी देतात आणि पुढची कामं सावकाश होतात. म्हणून एकच निरोप्या एका जागी एक आणि दुसऱ्या जागी उलट काम करू शकतो. ॲसिटिलकोलिन हृदयाला मंद करतं आणि दंडाच्या स्नायूला आवळायला लावतं. अर्थ निरोप्यात नसतो, ऐकणाऱ्यात असतो.

इथपर्यंत काका मान हलवत होते. मग म्हणाले, "पोचला निरोप. पुढे? ते फटीतलं रसायन तिथेच पडून राहतं?"

हाच तो पाच गुणांचा प्रश्न, आणि इंदूरकराला तो समजावणं सगळ्यात सोपं. आपला सराफा बघा. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं. रात्री शटर पडली की त्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस, दहीवडे, परातीएवढा जलेबा, थंडीत गराडू. मध्यरात्र उलटेपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. आणि सकाळी सराफ दुकान उघडायला येतो तेव्हा रस्ता झाडलेला. एकच गल्ली दोन बाजार चालवते, ती मधल्या झाडलोटीच्या जोरावर. एक रात्र द्रोण आणि चिंचेची चटणी तशीच राहू द्या, दुसऱ्या दिवशी अंगठी घ्यायला कोण येईल?

फटीचं तेच आहे. निरोप्या तिथे रेंगाळला तर पलीकडची पेशी पहिलाच निरोप ऐकत बसेल, दुसरा तिला कळणारच नाही. दाराची घंटा वाजते म्हणून काम होतं. कोणी बटणावरचं बोट काढलंच नाही, तर ती घंटा उरत नाही, नुसता आवाज होतो. स्वच्छतेत आपल्या इंदूरचा डंका २०१७ पासून देशभर वाजतो आहे, पण मेंदू हे काम मिलिसेकंदांच्या हिशेबात करतो, आणि कोणी सर्वेक्षणाला येत नाही.

झाडायच्या रीती मुख्यतः दोन. थोडं रसायन आपोआप विरून जातं, ते सोडा. पहिली रीत म्हणजे जागच्या जागी तोडून टाकणं. ॲसिटिलकोलिनसाठी फटीतच एक एन्झाइम बसलेलं असतं, त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो निरोपे तोडतो. या एन्झाइमला बंद पाडलं तर काय होतं, ते माळव्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याला विचारा. शेतात फवारायची कितीतरी कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची असतात आणि ती नेमकं हेच करतात. फवारताना अंगावर, नाकातोंडात गेलं की लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, छातीत पाणी भरतं. ॲसिटिलकोलिन झाडलंच जात नाही म्हणून हे सगळं. उतारा म्हणून ॲट्रोपिन टोचतात. ते रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि निरोप्याला जागा देत नाही. महाशिवरात्रीला आपण जो धोतरा वाहतो त्यात हेच ॲट्रोपिन असतं. विष पोटात गेलं म्हणून घरी धोतरा उगाळायला मात्र कोणी जाऊ नये. धोतऱ्याने दवाखान्यात पोचलेली माणसंही काही कमी नसतात.

दुसरी रीत जास्त हुशार: तोडू नका, उचलून परत आत घ्या. हेच काकांचं रीअपटेक.

हे शोधणारा माणूस ज्युलियस ॲक्सेलरॉड. न्यूयॉर्कचा गरीब घरातला मुलगा. मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, म्हणून बरीच वर्षं प्रयोगशाळेत खाण्याच्या पदार्थांतली जीवनसत्त्वं तपासायची नोकरी केली. तिथेच अमोनियाची बाटली फुटून एक डोळा गेला. पीएच.डी. झाली तेव्हा चाळिशी उलटलेली. त्याने आधी नॉरॲड्रेनलिन तोडणारं एक एन्झाइम शोधलं. सगळ्यांना वाटलं, झालं, ॲसिटिलकोलिनसारखंच हेही तोडलं जातं. पण ती तोडणारी एन्झाइमं बंद करूनही नॉरॲड्रेनलिनचा परिणाम लवकरच ओसरायचा. दुसरा कोणी असता तर नोंदवहीत शेरा मारून पुढे गेला असता. ॲक्सेलरॉड आणि त्याच्या सोबत्यांनी मांजरांना किरणोत्सारी खूण केलेलं नॉरॲड्रेनलिन टोचलं आणि ते कुठे जातं ते पाहिलं. ते त्याच नसांच्या टोकांत जाऊन बसत होतं जिथून नॉरॲड्रेनलिन सुटतं. पुढचा प्रयोग तर निर्णायकच होता. ज्या मांजरांच्या एका बाजूच्या नसा आधीच काढून टाकल्या होत्या, त्यांच्यात त्या बाजूला ते साठलंच नाही. सोडणारी पेशीच निरोप्याला परत आत ओढून घेते, हे १९६१च्या सुमारास सिद्ध झालं. १९७०चं नोबेल ॲक्सेलरॉड, काट्झ आणि स्वीडनचे फॉन ऑयलर या तिघांत वाटलं गेलं.

त्या ओढून घेणाऱ्या प्रथिनाचं नाव ट्रान्सपोर्टर. इंदुरात ट्रान्सपोर्टर म्हटलं की लोहामंडी आणि बिल्टी (मालवाहतुकीची पावती) डोळ्यांपुढे येते, म्हणून काका आधी हसलेच. पण काम तसंच आहे. हे प्रथिन पेशीच्या भिंतीत आरपार बसलेलं असतं. दोन दारांची देवडी समजा, आणि नियम असा की दोन्ही दारं एकाच वेळी कधीच उघडी राहायची नाहीत. बाहेरचं दार उघडतं, सिरोटोनिनचा एक रेणू येऊन आत बसतो. बाहेरचं मिटतं. मग आतलं उघडतं, रेणू पेशीत उतरतो. देवडी पुन्हा बाहेरच्या बाजूला वळते. ही कल्पना १९६६ साली ओलेग यार्डेट्झकी यांनी कागदावर मांडली होती. प्रत्यक्ष आकार दिसला २००५ मध्ये, तोही उकळत्यासारख्या गरम पाण्यात राहणाऱ्या एका जिवाणूतल्या त्याच घराण्यातल्या प्रथिनाचा. माणसाच्या सिरोटोनिन ट्रान्सपोर्टरचा आकार २०१६ साली दिसला, आणि त्याच्या पोटात नैराश्यावरची गोळी अडकलेली होती. मधली जागा अडवून बसलेली, बाहेरचं दार मिटू न देणारी.

"पण ओढायला जोर कुठून येतो?" काकांनी विचारलं. फटीत कमी आणि पेशीत जास्त असूनही रेणू आत जातो. म्हणजे चढावर ओढायचं काम आहे. याला पैसे कोण देतं?

मीठ देतं. कपाटातली सलाइनची बाटली मी काउंटरवर ठेवली. १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, कारण पेशींच्या बाहेरचं पाणी साधारण एवढंच खारट असतं. पेशीच्या आत मात्र सोडियम त्याच्या जवळपास दहाव्या हिश्शावर. आतलं सोडियम सतत बाहेर फेकणारे पंप पेशीच्या भिंतीत असतात. आपल्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू शरीराची वीसेक टक्के ऊर्जा खातो, त्यातला मोठा वाटा याच पंपांवर जातो. बाहेर कोंडलेल्या सोडियमला आत यायची घाई असते. ट्रान्सपोर्टर त्या घाईचा फायदा घेतो. सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे मिठाचेच दोन भाग, देवडीत शिरताना सिरोटोनिनला बरोबर घेऊन जातात. अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्याजवळ गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) बघायला जो गेला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे आपण चालतच नाही. गर्दी उचलते आणि पुढच्या चौकात नेऊन सोडते.

एक देवडी फार सावकाश चालते, सिरोटोनिनच्या बाबतीत एका फेरीला सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. पण देवड्या असंख्य असतात, आणि सिरोटोनिन ट्रान्सपोर्टर दुसऱ्या निरोप्यांना सहसा हात लावत नाही. डोपामिनचा वेगळा, नॉरॲड्रेनलिनचा वेगळा, गाबाचा वेगळा.

ग्लुटामेटची तर सगळी व्यवस्थाच निराळी. मेंदूतले बहुतेक चेतवणारे निरोप ग्लुटामेटचे असतात. त्याची झाडलोट मुख्यतः शेजारच्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी करतात, ज्यांना बरीच वर्षं लोक नुसतं भरताड समजत होते. ग्लुटामेट साचून राहिलं तर पेशी चेतवल्या जाऊन जाऊन मरतात. पक्षाघाताच्या झटक्यात रक्त थांबतं, ऊर्जा थांबते, सोडियमचे पंप थांबतात, आणि मग हे ट्रान्सपोर्टर उलटे फिरून ग्लुटामेट बाहेर ओकायला लागतात. झटक्यानंतर एकेक मिनिट मोजतात ते उगाच नाही.

आत ओढलेल्या निरोप्याला पुन्हा पिशवीत भरायला दुसरा ट्रान्सपोर्टर असतो, पिशवीच्या भिंतीत बसलेला. याची गोष्ट आपल्या मातीतली आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वेड, निद्रानाश यांवर देत आले आहेत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचा तिचा अनुभव छापला आणि जगाचे डोळे तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रेसर्पिन हा पिशवीतलाच ट्रान्सपोर्टर बंद करतं. पिशव्या भरतच नाहीत. रक्तदाब उतरतो, पण काही रुग्ण उदास होऊ लागले. या रसायनांचा आणि मनाचा काही संबंध असावा, ही शंका यायला जी कारणं झाली त्यातलं हे एक.

स्वीडनमध्ये अर्विद कार्लसनने सशांना रेसर्पिन दिलं. ससे दगडासारखे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं. थोड्या वेळात ससे उठून हिंडू लागले. हे १९५७ साल. कंपवाताच्या रुग्णांना आज जी गोळी देतात तिची मुळं या सशांत आहेत. खाजकुयलीच्या बियांतही एल-डोपा असतं. तीच ती, जिच्या शेंगांवरची खाजरी कुसं शाळेत एकमेकांच्या शर्टात टाकायचो. थेट डोपामिन का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरायला त्याला दार नाही. एल-डोपाला आहे, पण ते दार अन्नातल्या प्रथिनांपासून आलेल्या अमिनो आम्लांचंही आहे. एकच देवडी, दोघांची रांग. म्हणून कंपवाताची गोळी घेणाऱ्यांना मी सांगतो, पनीर आणि डाळीने भरलेल्या ताटाबरोबर ती घेऊ नका, थोडी आधी घ्या, वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता काकांची गोळी. ती सिरोटोनिनच्या देवडीत जाऊन बसते. झाडलोट मंदावते, सिरोटोनिन फटीत जास्त वेळ राहतं. कोकेनही देवडीच अडवतं, पण डोपामिनची, आणि धाडकन. ॲम्फेटामाइन त्याहून पुढे जाऊन देवडी उलटी फिरवतं. एकाच घराण्यातली प्रथिनं. कुठली अडवली, किती वेगाने, यावर औषध की व्यसन ते ठरतं.

"पण मग पहिल्याच दिवशी बरं का वाटलं नाही?" काकांचा प्रश्न अगदी रास्त होता. देवडी काही तासांतच अडते. मग तीन-चार आठवडे कशाला? कारण सिरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवरही रिसेप्टर असतात, आणि ते फटीत सिरोटोनिन वाढलेलं पाहून पेशीला दटावतात: बास, आता कमी सोड. गोळीचा पहिला परिणाम या दटावण्यातच बराचसा जिरतो. रोज तेच चालू राहिलं की हे रिसेप्टर हळूहळू मऊ पडतात. पलीकडच्या पेशी आपले रिसेप्टर, आपली प्रथिनं, आपल्या जोडण्या बदलतात. या सगळ्याला आठवडे लागतात. म्हणूनच सिरोटोनिन कमी म्हणून माणूस उदास, गोळीने वाढवलं म्हणून आनंदी, हे गणित फार भाबडं आहे. आणि महिनोन्‌महिने चालू असलेली गोळी एकदम सोडली की मेंदूला पुन्हा उलट जुळवून घ्यावं लागतं. चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटतं. "बरं वाटतंय, आता नको" म्हणून पत्ता अर्ध्यावर टाकणारे मी दर महिन्याला बघतो.

पहिल्या आठवड्यात काकांना मळमळ होत होती, सकाळचे पोहेसुद्धा नको वाटायचे. इंदूरच्या माणसाला पोहे नको वाटणं म्हणजे गंभीरच. त्याचंही उत्तर याच देवडीत आहे. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सिरोटोनिन आतड्यांत असतं, आणि तिथेही हेच ट्रान्सपोर्टर आहेत. गोळीला मेंदू आणि आतडं यातला फरक कळत नाही.

हे बोलणं झालं त्याच दुपारी काकांनी जाता जाता काउंटरवरून दुखण्याच्या गोळ्यांचा एक पत्ता उचलला. गुडघे धरले होते. मी हात पुढे करून तो परत घेतला.

"आता हे काय?"

रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट असतात ना, त्या स्वतः सिरोटोनिन बनवत नाहीत. आतड्यातून रक्तात आलेलं उचलतात, त्याच ट्रान्सपोर्टरने. तुमची गोळी तिथेही देवडी अडवते, मग प्लेटलेटपाशी सिरोटोनिनचा साठा कमी राहतो आणि रक्त थोडं सावकाश गोठतं. त्यात ही दुखण्याची गोळी पोटाचं अस्तर सोलते. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. डॉक्टरांना न विचारता दोन्ही एकत्र नाही.

काकांनी चष्मा वर केला, तो घडीचा कागद पुन्हा उलगडला आणि खालच्या बाजूची एक ओळ शोधून काढली. तिथे हे सगळं लिहिलेलं होतं.

"मलम तरी चालेल?"

मलम मी दिलं.